मदत हवी आहे: जपानी तलवारीवर गोळी झाडून तिच्या ताकदीबद्दल नेमके काय कळते?

नमस्कार. धातुशास्त्राचा, बंदुकांच्या माऱ्याचा किंवा जपानी शस्त्रपरंपरेचा अभ्यास असलेल्या सभासदांची मला मदत हवी आहे. पारंपरिक जपानी तलवारीच्या पोलादावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यातील एका भागापाशी काम अडले आहे.

जपानी दूरचित्रवाणीवरचा एक प्रयोग येथे अनेकांनी पाहिला असेल. घट्ट आवळून बसवलेल्या तलवारीच्या धारेवर पिस्तुलाची गोळी झाडली, तेव्हा गोळी दुभंगली आणि पाते शाबूत राहिले. मशिनगनचा मारा केल्यावर मात्र काही गोळ्या झेलून पाते तुटले. यातला पहिला भाग तलवारीच्या असामान्य बळाचा पुरावा म्हणून सर्रास सांगितला जातो, आणि तेच मला पटत नाही. पिस्तुलाच्या गोळीचा गाभा बहुधा मऊ शिशाचा असतो व त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच असते, तर तलवारीची धार कठीणपणाच्या रॉकवेल सी मापनात ६० च्या आसपास असते. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धांमध्ये साध्या कुऱ्हाडीच्या पात्यावर शिशाची गोळी दुभंगवून दोन्ही बाजूंची लक्ष्ये फोडण्याचा खेळ खेळला जातो. गोळी चिरली जाणे हा मुख्यतः शिशाचा गुण आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या भागात होते, असे मी मानतो. ०.४५ इंची पिस्तुलाची सुमारे १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने येते, म्हणजे तिची ऊर्जा ४७० जूलच्या जवळपास भरते. ०.५० इंची मशिनगनची सुमारे ४५ ग्रॅमची गोळी ८९० मीटर वेगाने येते. तिची ऊर्जा १७,५०० जूलच्या पुढे जाते आणि संवेगही दहापटींहून अधिक असतो. तेव्हा प्रश्न धारेच्या कठीणपणाचा राहत नाही. एक किलोच्या आसपास वजनाचे पाते तो धक्का वाकून, कंप पावून कसा पचवते, याचा होतो.

येथेच जपानी लोहारांची करामत विचारात घ्यावी लागते. तामाहागाने हे तलवारीचे पारंपरिक पोलाद लोहवाळू आणि लाकडी कोळसा यांपासून मातीच्या भट्टीत तयार होते. शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे ती भट्टी १९७७ पासून दर हिवाळ्यात पुन्हा पेटवली जाते आणि एका खेपेस सुमारे दहा टन लोहवाळू लागते. बहुतेक तलवारींत बाहेर कठीण आणि आत मऊ पोलाद असते. पाणी देण्यापूर्वी, म्हणजे तापवलेले पाते पाण्यात बुडवून झटकन थंड करण्यापूर्वी, पाठीवर मातीचा जाड थर व धारेवर पातळ थर लावतात. त्यामुळे धार झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते, तर पाठ चिवट राहते. कठीण झालेली धार आकारमानाने किंचित वाढते, तिच्यात दाब अडकून राहतो आणि पात्याचा सुप्रसिद्ध बाक बऱ्याच अंशी त्यातूनच येतो.

माझा मुख्य प्रश्न असा. पाते दोन्ही टोकांना धरून मध्यावर धारेच्या बाजूने आघात केला, तर धार दाबली जाते आणि ताण, म्हणजे खेचणारा जोर, मऊ पाठीवर येतो, म्हणजे ही रचना अगदी योग्य ठरते. परंतु केवळ मूठच आवळलेली असेल, तर मुठीजवळ उलटे घडून ताण ठिसूळ धारेवर येतो, आणि आघातानंतर पाते उलट हेलकावे खाते तेव्हाही धारेला ताण सोसावा लागतो. पाणी देताना धारेत राहिलेला दाब हा ताण कितपत निष्प्रभ करू शकेल? तडा आघाताच्या जागी सुरू होईल की मुठीपाशी? अशा क्षणिक आघाताचे ढोबळ गणित कसे मांडावे, हे कोणी समजावून सांगितले तर मोठे उपकार होतील.

दुसरी विनंती नमुन्याविषयी आहे. परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात, आणि जुने प्रत्येक पाते हा इतिहासाचा दस्तऐवज असतो. त्यावर गोळ्या झाडणे मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धातील कारखानी लष्करी तलवारी सुचवल्या जातात, पण त्यांतील पुष्कळशा एकसंध पोलादाच्या व तेलात थंड केलेल्या असल्यामुळे त्यांचे निष्कर्ष पारंपरिक पात्याला लागू होणार नाहीत. साध्या कार्बन पोलादाच्या पट्टीला मातीचा थर लावून पाणी दिले, तर तिच्यातील ताणांची विभागणी तुलनेस पुरेशी जवळची येईल का? की आतल्या मऊ गाभ्याशिवाय ती तुलनाच निरर्थक ठरेल?

शेवटची चौकशी जुन्या चाचण्यांची. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या तोड्याच्या बंदुका आल्यानंतर जपानी कारागीर चिलखतावर गोळी झाडून त्याची पारख करू लागले आणि गोळीचा पोचा खात्रीची खूण म्हणून तसाच ठेवू लागले. तलवारीची पारख मात्र कापण्यावर होत असे. सम्राट मेइजींसमोर तलवारबाज साकाकिबारा केनकिची यांनी शिरस्त्राणावर केलेला वार हे त्याचे गाजलेले उदाहरण आहे. तलवारीच्या पात्याचीही गोळी झाडून पारख केल्याची नोंद एखाद्या जपानी संग्रहालयाच्या सूचीत कोणाला आढळली असेल, तर वस्तूचा काळ आणि आघाताची जागा अवश्य कळवावी. गणित मांडणाऱ्यांनी पात्याची जाडी, आधाराची पद्धत आणि आघाताचा कोन काय धरला आहे तेही लिहावे, म्हणजे मला ते पडताळून पाहता येईल.