म्यूनिकला बिऱ्हाड हलवताना: घर, शाळा आणि युरोपातली भटकंती

रानजाई यांचा प्रश्न

नमस्कार. माझे यजमान नोकरीनिमित्त म्यूनिकला रुजू झाले असून दोन्ही मुलांना घेऊन मीही लवकरच तिकडे राहायला जाणार आहे. मुलगी तिसरीत आहे आणि धाकट्याला नुकतीच साडेतीन वर्षे पूर्ण झाली आहेत. मुलांना जर्मन अजिबात येत नाही, माझेही ज्ञान अभिवादनापलीकडचे नाही. नातेवाइकांनी मात्र आम्ही पोहोचण्याआधीच स्थळांची यादी धाडली असून, युरोपात राहता आहात तर दर शनिवार-रविवारी एकेक देश उरकून टाका, असा त्यांचा आग्रह आहे. हे कितपत शक्य आहे? मुलीला तिथल्या साध्या सरकारी शाळेत घालावे की इंटरनॅशनल शाळेत? आणि पहिल्या काही महिन्यांत कोणती कामे आधी हातावेगळी करावीत? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उंबरठा यांचे उत्तर

सर्वांत आधी पत्त्याची नोंदणी. तिला तिकडे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते. तिच्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. सुरुवातीला तात्पुरत्या घरात उतरणार असाल, तर असा दाखला मिळणार आहे का, हे पैसे भरण्याआधीच लेखी विचारून घ्या. यजमानांची नोंदणी झाली असली तरी तुमची आणि मुलांची व्हायची आहे. तुमचे कर-क्रमांक त्यानंतर टपालाने घरी येतात, म्हणून टपालपेटीवर कुटुंबातल्या प्रत्येकाचे आडनाव ठळक लावलेले असावे. दाम्पत्याची आडनावे वेगळी असतील, तर दोन्ही.

मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी मूळ स्वरूपात सोबत न्या. गोवराची लस घेतल्याचा पुरावा १ मार्च २०२० पासून शाळा आणि बालवाडी, म्हणजे ‘किटा’, या दोन्हींसाठी बंधनकारक आहे. धाकट्याच्या किटासाठी आजच अर्ज करा, कारण म्यूनिकमध्ये जागांची टंचाई आहे आणि तिसऱ्या वर्षापासूनचा कायदेशीर हक्क कागदावर असला तरी हव्या त्या गल्लीत जागा मिळेलच असे नाही.

रविवारी दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकांतली काही दुकाने तेवढी उघडी राहतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. रविवार हा शांततेचाही दिवस असल्याने भिंतीत खिळा ठोकणे त्या दिवशी वर्ज्य, आणि मिक्सरवर वाटण करायचे असले तरी ते आदल्या दिवशी उरकलेले बरे. आमच्या मुलांना शनिवारची खरेदी आवडते ती बाटल्यांच्या यंत्रामुळे. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतलेली असते. रिकामी बाटली यंत्राच्या गोल तोंडात सरकवली की ती आत गरगर फिरते, पट्ट्यांचा संकेत वाचला जातो आणि शेवटी बटण दाबल्यावर पैशांची चिठ्ठी बाहेर येते. चुरगळलेली बाटली यंत्र परत ढकलते, म्हणून बाटल्या चेपून पिशवीत कोंबू नयेत.

शिशिर यांचे उत्तर

शाळेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमची मुलगी अडचणीच्या इयत्तेत येणार आहे. बव्हेरियात, म्हणजे म्यूनिक ज्या राज्यात आहे तिथे, प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते आणि त्यानंतर गिम्नाजियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (मधल्या स्तराची) किंवा मिटलशूल (व्यवसायशिक्षणाकडे नेणारी) अशा वाटा फुटतात. गिम्नाजियुमसाठी चौथीत जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ ही सर्वांत चांगली श्रेणी असल्याने आकडा जितका लहान तितके बरे. म्हणजे भाषा शिकायला लागल्यानंतर थोड्याच अवधीत त्याच भाषेतल्या गुणांवर पुढची वाट ठरणार. परक्या देशातून आलेल्या मुलांसाठी जर्मन शिकवणारे वेगळे वर्ग असतात, आणि सरासरी हुकली तरी तीन दिवसांच्या चाचणी-वर्गातून प्रवेश मिळवता येतो. पुढे वाट बदलण्याचे मार्गही आहेत. तरीही मुलीला एक इयत्ता मागे बसवण्याचा सल्ला शाळेने दिला, तर तो अपमान समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंटरनॅशनल शाळेचा खर्च कंपनी उचलणार असेल आणि दोन-तीन वर्षांत परतायचे नक्की असेल, तर तो पर्याय विचारात घ्यावा. अन्यथा जवळची सरकारी शाळाच बरी. तिथली मुले पायी शाळेत जातात, मैत्रिणी त्याच इमारतीत किंवा पलीकडच्या रस्त्यावर राहतात, आणि भाषा वर्गापेक्षा अंगणात लवकर येते.

नातेवाइकांच्या यादीला खरा लगाम घालते ती शाळाच. शाळेचे दिवस बुडवून सहलीला जाण्याची तिथे मुभा नाही. विनापरवानगी गैरहजेरीबद्दल दंड होतो आणि बव्हेरियातल्या विमानतळांवर सुट्या लागण्याच्या तोंडाशी पोलिसांनी कुटुंबांना हटकल्याची उदाहरणे आहेत. स्वस्त विमान तिकिटासाठी दोन दिवस आधी भारतात निघण्याचा बेत त्यामुळे आखूच नये. सुट्या मात्र भरपूर असतात: १ नोव्हेंबरच्या आसपास आठवडाभर, नाताळात आणि ईस्टरला प्रत्येकी दोन आठवडे, त्यानंतर पेंटेकोस्टचे, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाचे, दोन आठवडे, आणि ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालणारी मोठी सुटी.

घाटवाट यांचे उत्तर

शिशिर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. प्रवासाच्या कागदांपुरते बोलायचे, तर जर्मनीच्या निवास परवान्यावर शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. प्रत्येकाचे मूळ पारपत्र आणि परवान्याचे कार्ड, तान्ह्या मुलाचेसुद्धा, जवळ हवे. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केलेली असल्याने ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून परतताना गाडीत पोलीस येणे ही नेहमीची बाब झाली आहे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय कार्ड असते आणि ते ऑस्ट्रिया, इटली किंवा फ्रान्समध्ये उपयोगी पडते; परंतु युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यासारख्यांना, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलंड येथे त्या कार्डावर उपचार मिळत नाहीत. स्वित्झर्लंडला निघण्याआधी स्वतंत्र प्रवास विमा उतरवावा.

आता देश उरकण्याबद्दल. साडेतीन वर्षांच्या मुलाला देशांची सीमा कळत नाही. त्याला आगगाडी, बोट आणि खेळायला मैदान एवढे पुरते. पहिल्या वर्षी म्यूनिकहून एका दिवसात जाऊन येता येईल तेवढेच पाहावे, असे मी सुचवीन. ‘डॉइचलांडटिकेट’ या मासिक पासावर, जो जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळतो, देशभरातल्या प्रादेशिक गाड्या चालतात, आणि साल्झबर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथपर्यंत जाता येते. तो लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. सहा वर्षांखालील मूल फुकट, मुलीचे तिकीट मात्र वेगळे. बर्ख्तेसगाडेनजवळच्या क्योनिगझे सरोवरावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, त्यामुळे पाण्यावर इंजिनाचा आवाज नसतो. मधोमध बोट थांबवून नावाडी कड्याकडे तोंड करून तुतारीसारखे वाद्य वाजवतो आणि सूर कड्यावर आदळून परत येतो. मुले पुढचा अर्धा तास स्वतःच ओरडून पाहत बसतात, इतर प्रवाशांची त्यास हरकत नसावी अशी आशा करावी.

लांबचा प्रवास पेंटेकोस्टच्या सुटीसाठी ठेवा. म्यूनिकहून आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून इटलीतल्या व्हेरोनाला थेट गाडी जाते. सुटीच्या दिवसांत जागा आरक्षित केल्याशिवाय मुलांसह चढू नये.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. विम्याचा मुद्दा तर आमच्या ध्यानीमनीही नव्हता. स्वित्झर्लंड यादीत पहिल्या क्रमांकावर आहे! आणखी एक विचारते: चारचाकी घ्यावी का? यजमानांचा भारतातला परवाना आहे.

उंबरठा

शहरात राहणार असाल तर पहिले वर्षभर तरी नको. भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन तिथला परवाना काढावा लागतो. भाड्याची गाडी घेतलीत तरी बारा वर्षांखालील आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य आसन बंधनकारक आहे, आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गावर चढण्याआधी ‘विन्येट’ हा पथकराचा परवाना घ्यावा लागतो. यजमानांचे सहा महिने तुम्ही पोहोचल्यापासून नव्हे, तर ते स्वतः तिथे राहायला गेल्यापासून मोजले जातील. तेव्हा त्यांनी परीक्षेचा अर्ज आताच केलेला बरा.