नवऱ्याच्या गमीज, सासूबाईंचा डबा आणि माझी मुलगी

कृष्णाकाठची

नमस्कार. आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीने निम्मे डेन्व्हरकर मला ओळखतात.

आम्ही ऑरोरा, कोलोरॅडोला. मी मूळची सांगलीची. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. चार वर्षांपूर्वी नवऱ्याची पाठ धरली, रात्र रात्र झोप नाही, तेव्हा ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, घेऊन बघ. इथे १ जानेवारी २०१४ पासून दुकानात उघड मिळतात, एकवीस पूर्ण असली की झालं. आमच्याकडून ते दुकान वाण्यापेक्षा जवळ. पाठ बरी झाली, गमीज राहिल्या. या थंडीत गॅरेजमध्ये गांजाचा व्हेपही (वाफ ओढायची बॅटरीची नळी) सुरू झालाय. दारू नाही, सिगारेट नाही, आरडाओरडा नाही. जेवणानंतर तासाभराने माणूस नुसता मऊ होतो. मुलं काहीतरी सांगत असतात, हा हसत असतो, पण ऐकत नसतो.

तर सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. मागच्या शनिवारी त्यांनी आमची बेडरूम आवरायला घेतली (मी नको म्हटलं होतं, पण ते जाऊ दे). ड्रॉवरमध्ये साखर लावलेल्या लाल चौकोनी गोळ्या. पाकीट अर्धवट बंद. मुंग्या लागतील म्हणून त्यांनी त्या नारळाच्या वड्यांच्या स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. त्या पाकिटाचं झाकण उघडायला मला दोन्ही हात आणि चार शिव्या लागतात, मुद्दाम तसंच केलेलं असतं. त्यावर टीएचसीची (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) चौकट, इशारे, सगळं. गोळीवरही बारीक खूण असते, पण साखरेखाली कोण बघतंय? मग चहाबरोबर त्यांनी एक खाल्ली. "बरी आहे गं, जरा औषधासारखी लागते."

दीड तासाने तोंड कोरडं, छातीत धडधड, जमीन हलतेय, आणि शेवटी "मला सांगलीला न्या" म्हणून रडायला लागल्या. नवरा पांढराफटक. त्याने आईला सांगितलं की बीपी वाढलंय, आणि रात्रभर उशाशी बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठल्या. आता भारतात प्रत्येकाला फोनवर सांगताहेत की डेन्व्हर सोळाशे मीटरवर आहे ना, हवा विरळ, मला ती बाधली.

मी डबा ताटात उपडा करून गोळ्या मोजल्या. पाकिटात दहा. नवऱ्याने दोन खाल्लेल्या, सासूबाईंनी एक, डब्यात सहा. एक कमी. मुलाच्या जॅकेटच्या खिशात सापडली, लोकरीचे धागे चिकटलेली. आजीने त्याला दिली होती.

त्याने खाल्ली का नाही ते रात्री कळलं. मुलगी म्हणाली, "मी त्याला सांगितलं की ती तिखट आहे." मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, "त्या बाबाच्या आहेत ना. पण बाबा म्हणाला होता आजीला कळता कामा नये."

नवरा म्हणतो कुलपाचा डबा आणतो, विषय संपला. लोक घरात वाइन ठेवतातच की. मला कळत नाही त्या कुलपात काय काय मावणार आहे. मुलीशी काय बोलू? कुणाच्या घरी असं झालंय का?

रात्रपाळी

ताई, मी इथेच मुलांच्या इमर्जन्सीत नर्स आहे. आधी कामाचं बोलते.

एका गोळीत दहा मिलिग्रॅम. तो मोठ्या माणसाचा पूर्ण डोस. तुमचा मुलगा असेल चौदा-पंधरा किलोचा. एवढ्याशा पोराला ती लागली की नुसती गुंगी येत नाही. चालताना तोल जातो, उलट्या होतात, आणि कधीकधी पोर हलवूनही उठत नाही, श्वास मंदावतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून लोक फसतात. गोड लागतंय, काही होतही नाही, म्हणून मूल अजून दोन तोंडात टाकतं.

यापुढे असं झालं तर लक्षणांची वाट न बघता १-८००-२२२-१२२२ ला फोन. विषबाधेची मदत आहे, फुकट, चोवीस तास. मूल उठत नसेल किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर सरळ ९११. सासूबाईंच्या वेळीही फोन करायला हवा होता, त्या वयात धडधड थट्टेवारी न्यायची नसते.

आणि दवाखान्यात गेल्यावर खरं सांगायचं. यावर उतारा नाही, आम्ही नुसतं जपून बघत बसतो. पण आई-बाप गप्प बसले तर आम्हाला मेंदूज्वर, डोक्याला मार, सगळंच धरून चालावं लागतं. मग डोक्याचं सीटी, पाठीच्या कण्यातून पाणी. एक वाक्य आधी बोललं असतं तर पोराच्या पाठीत सुई गेली नसती, असं मी पाहिलंय. हो, सोशल वर्कर बोलायला येते. येऊ दे.

हे तुमच्याच घरी झालंय असं समजू नका. सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचा खाऊ खाल्ल्याच्या नोंदी या देशात २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. जवळजवळ सगळ्या घरातल्याच. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर व्हेपही तिथे नको.

मुलीबद्दल मी काही बोलत नाही. ते मला येत नाही.

शंभरनंबरी

एक विचारू का? हाच माणूस रोज दोन पेग घेत असता तर इथे धागा निघाला असता का? आमच्या आळीत रात्री अकराला भांडी फेकणारे बाप होते, त्यांच्यावर कुणी चर्चा केली नाही. हा बिचारा हसतो. डबा उंचावर ठेवा, आईला सांगून टाका, संपलं. गांजा म्हटलं की आपल्या लोकांचे डोळेच पांढरे होतात.

ब्रह्मगिरी

शंभरनंबरी, तुमचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकतोय. "मारत तर नाही ना."

माझं गाव त्र्यंबकजवळ. वडिलांचं सायकलचं दुकान. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढायचं आणि मागे चार-पाच जण, एखादा साधू, आणि चिलीम. माझं काम साफी. म्हणजे चिलमीच्या खालच्या तोंडाला गुंडाळायचं फडकं. ते ओलं करून, पिळून द्यायचं. फार ओलं झालं तर ओढ बसत नाही, कोरडं राहिलं तर घसा पोळतो. आठव्या वर्षी मला ते बरोब्बर जमायचं आणि सगळे शाबासकी द्यायचे. फडक्याचा तो चहाच्या चोथ्यासारखा रंग हाताला लागायचा, साबणाने जायचा नाही. शाळेत बाईंनी विचारलं तर सायकलचं ग्रीस.

घरी आई म्हणायची बाबा भजनाला गेलेत. आजीला, मामाला, कुणालाही. आम्ही भावंडंही तेच सांगायचो. आईने तसं सांगायला कधी शिकवलं नाही, आम्हीच उचललं.

वडील कधी ओरडले नाहीत, तुमच्या मिस्टरांसारखेच. म्हणजे ओढल्यावर नाही. सकाळी, पहिली चिलीम व्हायच्या आधी, पाण्याचा तांब्या वाजला तरी खवळायचे. म्हणून मी प्रगतिपुस्तक रात्री पुढे करायचो. डोळे लाल असले की गणितात अठ्ठावीस असले तरी सही मिळायची. बहीण सहलीचे पैसेही तेव्हाच मागायची. आम्हाला वाटायचं आम्ही हुशार आहोत. आज मी चव्वेचाळीसचा आहे आणि कुठल्याही खोलीत शिरलो की आधी माणसाचे डोळे बघतो. बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर. पण शंकराच्या प्रसादाला व्यसन म्हणायचं कुणी? वडिलांची चिलीम सुटली ती दम्याने, डॉक्टरने हात टेकल्यावर.

ताई, तुमच्या लेकीने भावाला वाचवलं म्हणून कौतुक कराल, तर जपून. मलाही शाबासकीच मिळायची. तिला एवढंच सांगा की हे सांभाळणं तुझं काम नव्हतं. आणि ते तुम्ही नाही, बाबाने सांगायचं. गप्प राहायला त्याने सांगितलं होतं ना?

विमानतळ

एक कोरडी गोष्ट. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्याचा कायदा कामाचा नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदाच, आणि नुसतं "हो, घेतो" म्हणालात तरी अंगाशी येऊ शकतं. राज्यात चालतं म्हणून नागरिकत्वाच्या वेळी सूट मिळत नाही, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. वकिलाला विचारा. पण या भीतीने दवाखाना टाळू नका, वर रात्रपाळी म्हणाल्या तेच खरं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. ब्रह्मगिरी, तुमचं मी नवऱ्याला वाचायला दिलं. वाचून फोन परत दिला आणि भांडी घासायला गेला. ओट्याशी बराच वेळ होता, भांडी तीनच होती.

काल रविवारी त्याने आईला सांगितलं. आम्ही दोघंही श्वास धरून. त्या म्हणाल्या, "म्हणजे भांगेतलाच प्रकार? मग आधी बोलायचं नाही का रे? मी सगळ्यांना हवेचं सांगून बसले." मग नातवाच्या खिशातल्या गोळीचं कळलं तेव्हा मात्र गप्प झाल्या. रात्री जेवल्या नाहीत.

मुलीशी तो गाडीत बोलला, पोहण्याच्या क्लासला नेताना. काय बोलला ते मी विचारलं नाही. परत आल्यावर तिने आजीला स्वतःहून सांगितलं की ती तिखट नव्हती, मी खोटं बोलले होते. आजी म्हणाली बरं झालं बोललीस. मुलगा मात्र नारळाच्या वडीलाही आता तिखट म्हणतो, हात लावत नाही.

कुलपाचा डबा आलाय, आकड्यांचा. आकडे नवऱ्याने मलाही सांगितले नाहीत, मीच नको म्हटलं. गमीज फक्त शनिवारी, मुलं झोपल्यावर, असं ठरलंय. व्हेपचं काही ठरलेलं नाही. आत्ता हे लिहितेय तर गॅरेजचा दिवा लागलेला दिसतोय. सायकलीत हवा भरतो म्हणून गेलाय. वीस मिनिटं झाली.