पनामाच्या लॉकमध्ये बोट वर चढते, ते पाणी येतं कुठून?

नेरूळची लेक

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की टीव्हीवर पनामा कालवा लागतो. बाबा ३१ वर्षं मुंबईच्या गोदीत क्रेनवर होते. आता ७८ वय, गुडघे साथ देत नाहीत, महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जाण्यापुरतं खाली उतरतात. दिवाळीत माझ्या मुलाने त्यांना तिथल्या मिराफ्लोरेस लॉकचा लाइव्ह कॅमेरा लावून दिला. लॉक म्हणजे दरवाजे लावलेला कप्पा, त्यात पाणी भरलं की बोट वर येते. आपले रात्रीचे ९ म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा, त्यामुळे लख्ख उन्हात सगळं दिसतं. आधी भिंतीच्या वर कंटेनरचा नुसता वरचा थर असतो. बाबांचा चहा संपेपर्यंत खालचे थर, मग डेक, मग बोटीचं पोट, असं सगळं हळूहळू वर आलेलं असतं. बाबा एक शब्द बोलत नाहीत तेव्हा.

आता वाद असा, की आठवीतला मुलगा म्हणतो एक समुद्र उंच आणि दुसरा खाली, म्हणून लॉक लागतात. बाबा विचारतात, मग सुएझला का नाहीत? मला दोघांनाही उत्तर देता येईना. शिवाय एवढी बोट उचलायची म्हणजे पंप केवढे असतील, आणि पाणी कुठून आणत असतील?

आणखी एक. बाबांना खरी कंटेनरची बोट जवळून दाखवायची आहे. फार चालणं झेपणार नाही. आपल्या बाजूला कुठे नेऊ?

बोटीवरचा ठाणेकर

ताई, मी मर्चंट नेव्हीत आहे, पनामातून पाच वेळा गेलोय. पंप एकही नाही. सगळं पाणी वरच्या तलावातून आपल्या वजनाने खाली येतं, झडपा उघडायच्या एवढंच.

समुद्रांच्या पातळीत फरक आहे, पण तो वीतभर. खरी अडचण मधल्या डोंगराची. सुएझ सपाट वाळूतून गेला, म्हणून समुद्राच्या पातळीवरच खणता आला आणि १८६९ मध्ये सुरू झाला. सुएझ खणवून घेणाऱ्या फ्रेंच दे लेसेप्स यांनीच १८८१ पासून पनामातही तसाच सपाट कालवा खणायला घेतला. डोंगर कोसळत राहिला, पिवळ्या तापाने आणि मलेरियाने हजारो माणसं गेली, कंपनी बुडाली. पुढे अमेरिकनांनी डोंगर समुद्रापर्यंत कापण्याचा नाद सोडला. चाग्रेस नदीवर धरण घालून २६ मीटर उंचीवर गातुन तलाव केला आणि बोटीच तिथवर चढवायच्या ठरवल्या. आठ-नऊ मजले चढून जायचं, तलावातून डोंगर ओलांडायचा, पलीकडे तेवढंच उतरायचं. तुमचे बाबा मिराफ्लोरेसला बघतात त्या फक्त पहिल्या दोन पायऱ्या. तिसरी पुढे पेद्रो मिगेलला आहे.

जुन्या लॉकची रुंदी साडेतेहतीस मीटर आणि त्यात ३२.३ मीटर रुंदीची बोट जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेलिंगवरून हात लांबवला असता तर भिंतीला लागला असता असं वाटलं. भिंतीवरून रुळांवर इंजिनं चालतात, त्यांना तिथे म्यूल म्हणजे खेचर म्हणतात. बोट स्वतःच्या इंजिनावर पुढे सरकते, खेचरं तारा ताणून तिला मधोमध धरतात. आणि त्या तारांचा पहिला दोर बोटीपर्यंत कोण आणतं? दोन माणसं, वल्ह्यांच्या छोट्या होडीतून! एवढ्या अवाढव्य बोटीच्या नाकासमोर ती होडी. मी ते कधीच विसरणार नाही.

दरवाजे बाबांना नीट बघायला सांगा. बंद झाले की सरळ रेषेत राहत नाहीत, उंच पाण्याच्या बाजूला टोक करून मिटतात. पाणी जितकं दाबेल तितके ते घट्ट बसतात. २०१६ च्या नव्या लॉकमध्ये मात्र दरवाजे बाजूला सरकतात आणि खेचरांऐवजी टग म्हणजे बोटी ओढणाऱ्या छोट्या बोटी असतात.

पाणीखात्यातला निवृत्त

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते पाणी गोडं आहे. पावसाचं. एक बोट एका समुद्रातून दुसऱ्यात गेली की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं, आणि पनामा सिटीतले लोक पितात तेही याच खोऱ्यातलं. तुम्ही नेरूळकर मोरबे धरणाची पातळी पेपरात बघता ना, तशीच तिथे गातुन तलावाची बघतात. २०२३ मध्ये पाऊस हटला तेव्हा रोजच्या ३६-३८ बोटी कमी करत २२ वर आणाव्या लागल्या. दोन्ही टोकांना समुद्र, आणि बोटी खोळंबल्या गोड्या पाण्यासाठी!

नव्या लॉकच्या शेजारी मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, प्रत्येक पायरीला तीन. त्यांत पाणी साठवून ६० टक्के पुन्हा वापरतात. मी आयुष्यभर गळत्या शोधल्या, त्यामुळे कालव्यातलं हे काम मला सगळ्यात आवडतं.

मोरा बंदर

ताई, अटल सेतूवरून बोटी बघाव्यात असं मनात असेल तर तो विचार सोडा, तिथे गाडी थांबवू देत नाहीत. घारापुरीच्या डोंगरावरून न्हावा शेव्याचं कंटेनर बंदर छान दिसतं, पण चढ आहे. काकांसाठी मोरा–भाऊचा धक्का लाँच बरी. नेरूळहून लोकलने उरण, तिथून रिक्षाने मोरा. न्हावा शेव्याला जाणाऱ्या बोटींची वाट मध्येच लागते. नशीब असेल तर एखादी एवढी जवळून जाते की लाँचमधली पोरं गप्प होतात. भरतीची वेळ बघूनच या. ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, काकांना चढता-उतरता येणार नाही.

नेरूळची लेक

सगळ्यांची उत्तरं बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. होडीचा भाग दोनदा वाचायला लावला. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते:

"आमच्या इंदिरा डॉकलाही लॉक आहे. डॉकही १९१४ चं, पनामाही १९१४ चा. पण आमचा लॉक बोट डोंगरावर चढवायला नाही, ओहोटीत आतलं पाणी पळू नये म्हणून. बाहेर समुद्र खाली गेला तरी आत बोट तरंगत राहायची आणि आमची क्रेन चालू राहायची. रुंदी १०० फूट. पनामाच्या जुन्या लॉकात मावणारी सगळ्यात रुंद बोट आमच्या लॉकात शिरली नसती. कंटेनर वाढले, बोटी रुंदावल्या, १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं, आणि आम्ही गोदीतून समोरचे दिवे बघायचो."

हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मोऱ्याला येत्या रविवारी जातोय, भरतीची वेळ मुलाने काढली आहे. ठाणेकर दादा, बाबांचा तुम्हाला प्रश्न आहे: होडीतली ती दोन माणसं दोर देऊन झाला की बाजूला कुठे होतात? कॅमेऱ्यात तेवढंच दिसत नाही.