एमबीए फायनान्स: कॅम्पसवर मिळालेली विक्रीची नोकरी स्वीकारावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी व्यवस्थापन महाविद्यालयात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझे स्पेशलायझेशन फायनान्स आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, पदवी बी.कॉम., एमबीएपूर्वीचा नोकरीचा अनुभव नाही. गेल्या आठवड्यात कॅम्पसवर आलेल्या एका खासगी बँकेने माझी निवड केली. पदाचे नाव ‘रिलेशनशिप मॅनेजर’ असून सीटीसी वार्षिक ७ लाख रुपये आहे, त्यांपैकी १ लाख व्हेरिएबल आहे. प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये मात्र बहुतेक भर नवी खाती आणणे आणि विमा विकणे यांवर होता.

माझी ओढ क्रेडिटकडे, म्हणजे कर्जप्रस्तावांच्या मूल्यांकनाकडे आहे. समर इंटर्नशिपचे दोन महिने मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढले आणि ते काम मला मनापासून आवडले. अडचण अशी की आमच्याकडे ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ हा नियम आहे. मिळालेली ऑफर नाकारली तर उरलेल्या हंगामात कोणत्याही कंपनीसमोर बसता येत नाही. डोक्यावर ६ लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे आणि घरचे उत्पन्न पूर्णपणे उसावर अवलंबून आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सरासरी पॅकेज ८ लाखांच्या वर दाखवले असल्यामुळे ७ लाख कमी आहेत की काय, अशीही शंका मनात आहे. सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

प्रथम अभिनंदन. मी बरीच वर्षे बँकांच्या मनुष्यबळ विभागात काम करते आहे, त्यामुळे आधी आकड्यांबद्दल लिहिते आणि मग कामाबद्दल.

सीटीसी हा तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च असतो. तो तुमचा पगार नव्हे. मूळ वेतन ३.५ लाख धरून हिशेब करू. ७ लाखांतून व्हेरिएबलचा १ लाख बाजूला काढा, कारण तो उद्दिष्टे पूर्ण झाली तरच मिळतो. भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा १५,००० रुपयांच्या मर्यादेवर काढला तर वर्षाला २१,६०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १६,८०० रुपये. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतरच हाती पडते. गटविम्याचा हप्ता १०,००० रुपये समजा. उरलेल्या रकमेचे बारा भाग केले की महिन्याला सुमारे ४६,००० रुपये येतात. त्यातून तुमच्या वाट्याचे निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की खात्यात ४४,००० रुपयांच्या आसपास जमा होतील. नव्या कररचनेत या उत्पन्नावर सध्या आयकर लागत नाही. तुमच्या कर्जाचा हप्ता १० टक्के दराने आणि १० वर्षांच्या मुदतीने महिना सुमारे ७,९०० रुपये बसतो. अभ्यासक्रमाच्या काळात साठलेले व्याज मुद्दलात मिळवले तर तो आणखी वाढेल. म्हणजे पगारातून हप्ता निघू शकतो, पण नेमणूक सांगली-कोल्हापूरकडे झाली तर जितके शिल्लक राहील तितके मुंबईत भाड्याची खोली घेऊन राहणार नाही. त्यामुळे नेमणुकीचे ठिकाण आताच विचारून घ्या.

आता काम. ‘रिलेशनशिप मॅनेजर’ या एकाच नावाखाली बँकांमध्ये दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या चालतात. एक ठेवींच्या बाजूची: बचत आणि चालू खाती, त्यांतील शिल्लक, विमा, म्युच्युअल फंड. दुसरी कर्जाच्या बाजूची: लघुउद्योगांना खेळत्या भांडवलाचे कर्ज देणे, त्यांचे ताळेबंद आणि स्टॉक स्टेटमेंट मागवणे, प्रस्ताव तयार करून क्रेडिट विभागापुढे मांडणे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे. दुसऱ्या बाजूला दोन वर्षे काढलेला माणूस क्रेडिट विभागात जाऊ शकतो. पहिल्या बाजूने तिकडे जाणे फार अवघड असते आणि ‘पुढे अंतर्गत बदली मिळेल’ या तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही. प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत बँकेला लेखी विचारा की हे पद कोणत्या विभागातले आहे आणि पहिल्या वर्षाची उद्दिष्टे कशाची आहेत. उत्तर कर्जाच्या बाजूचे आले तर निःशंक होकार द्या. ठेवींच्या बाजूचे आले तरी कर्ज आणि घरची परिस्थिती पाहता मी नोकरी स्वीकारण्याकडेच झुकेन.

ताळेबंद

सह्यकडा यांच्या आकड्यांशी मी सहमत आहे, शेवटच्या वाक्याशी नाही. मी क्रेडिटच्या कामातच आयुष्य घालवले आहे आणि माझ्या हाताखाली आलेल्या ज्या मुलांनी उमेदवारीची पहिली दोन वर्षे केवळ विमा विकण्यात घालवली, त्यांचे ताळेबंद वाचण्याचे कसब तोवर बोथट झालेले होते. शैक्षणिक कर्जाची परतफेड बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. व्याज चढत राहते हे खरे, पण तेवढी सवड तुमच्याकडे आहे.

क्रेडिटच्या जागा कॅम्पसवर कमी येतात. पतमापन संस्था (कंपन्यांची कर्ज फेडण्याची क्षमता जोखून श्रेणी देणाऱ्या), बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या आणि पुण्यातील वित्तीय विश्लेषणाची कामे करणाऱ्या कंपन्या यांना एका वेळी एक-दोन माणसे हवी असतात, तीही लगेच. त्यासाठी त्या महाविद्यालयाच्या तारखा सांभाळत बसत नाहीत. तिथे ओळखीतून आलेला बायोडेटा आणि लेखी चाचणी चालते. शिवाय तुमची स्पर्धा दुसऱ्या एमबीएशी नसून सीए किंवा सीएमए झालेल्या, निदान त्यांची इंटर उत्तीर्ण झालेल्या मुलांशी असते. त्यांच्यापुढे पदवीचे नाव पुरत नाही, केलेले काम दाखवावे लागते.

म्हणून एक ठोस गोष्ट सुचवतो. क्रिसिल, इक्रा, केअर या संस्था पतमापनामागची कारणमीमांसा आपापल्या संकेतस्थळांवर विनामूल्य प्रसिद्ध करतात. तुम्ही उसाच्या पट्ट्यातले आहात, तर साखर उद्योगातील चार-पाच कंपन्यांच्या कारणमीमांसा वाचा आणि मग एका कारखान्याचे प्रकाशित ताळेबंद घेऊन स्वतः सहा पानांची क्रेडिट नोट, म्हणजे कर्जमूल्यांकनाचे टिपण, लिहा. हा धंदा तुम्हाला घरातून माहीत आहे. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते, साखर मात्र वर्षभर विकली जाते. म्हणून हंगामाच्या शेवटी गोदामे भरलेली असतात आणि साखर तारण ठेवून उचललेले कर्ज शिखरावर असते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची असते, तर साखरेचा पैसा महिन्यांनी येतो. अशा कारखान्याचा ३१ मार्चचा ताळेबंद पाहून करंट रेशोवर (चालू मालमत्ता आणि चालू देणी यांच्या प्रमाणावर) शेरा मारणारा उमेदवार आणि ‘ही तारीख कर्जाच्या शिखराजवळची आहे, मला सप्टेंबरअखेरचे आकडेही पाहायचे आहेत’ असे म्हणणारा उमेदवार यांतला फरक मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतो. उसाची थकीत बिले देणींमध्ये कुठे दिसतात, इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या मुदत कर्जाचा हप्ता नफ्यातून निघतो का, साखरेचा भाव किलोमागे दोन रुपयांनी उतरला तर तारणाचे मार्जिन, म्हणजे तारणाच्या किमतीतून कर्ज वजा जाता राहणारी रक्कम, किती उरते, एवढे तीन प्रश्न जरी तुम्ही नीट सोडवलेत, तरी ती नोट बायोडेटासोबत पाठवण्याच्या योग्यतेची होईल. इंटर्नशिपमध्ये ज्यांच्या हाताखाली काम केले त्या अधिकाऱ्यांना ती आधी दाखवा. त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करा आणि मगच बाहेर पाठवा.

सरकारी बँकाही क्रेडिट अधिकाऱ्यांच्या जागा वेळोवेळी काढतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रसह सर्वांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर येतात, तिथे नियमित पाहत जा.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचेही मनापासून आभार. प्लेसमेंट कार्यालयात विचारले, तेव्हा पद ठेवींच्या बाजूचे असल्याचे आणि पहिली नेमणूक ठाणे किंवा नवी मुंबईत होणार असल्याचे कळले. ऑफरच्या मसुद्यात आणखी एक अट दिसली: एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणखर्चापोटी १ लाख रुपये भरावे लागतील. सध्या होकार देऊन नंतर क्रेडिटची जागा मिळाल्यावर रुजू न होण्याचा सल्ला काही मित्र देत आहेत. ते कितपत योग्य आहे?

वर्गप्रतिनिधी

मी विद्यार्थी असताना आमच्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट समितीत होतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होकार देऊन रुजू न होणे हे कृपया करू नका. कंपनी तुमच्यावर रागावण्यापुरते ते राहत नाही. पुढच्या वर्षी ती कंपनी येतच नाही आणि त्याची झळ तुमच्यामागच्या, तुमच्यासारख्याच कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांना बसते. समितीत असताना अशा कंपन्यांना पुन्हा बोलावण्यासाठी किती मिनतवारी करावी लागते हे मी पाहिले आहे.

बाँडची, म्हणजे वर्षाच्या आत सोडल्यास पैसे भरण्याची, अट नुसती भीती घालण्यासाठी आहे असे समजू नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती मोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि तिच्या भरतीच्या खर्चाचा विचार त्या निर्णयात होता, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीची अट आपोआप तशीच टिकेल असे नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. तरीही सही करताना ती रक्कम भरावी लागेल असे धरूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका किंवा सही केलेला कोरा धनादेश मात्र कोणत्याही कंपनीच्या स्वाधीन करू नये.

माहितीपत्रकातील सरासरीने स्वतःला कमी लेखू नका. दोन-तीन मोठ्या पॅकेजांनी सरासरी सहज वर जाते आणि कित्येकदा तिच्यात व्हेरिएबलही धरलेला असतो. तुमचे महाविद्यालय एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत, भाग घेत असेल, तर तिथे दिलेली माहिती त्याच्या संकेतस्थळावर असते. नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि त्यांच्या पगाराचा मध्यक (चढत्या क्रमाने लावलेल्या पगारांतला मधला आकडा) त्यात दिलेला असतो. तुमचे ७ लाख त्या मध्यकाशी ताडून पाहा.

सोमवारआधी प्लेसमेंट अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून एकच विचारा: ऑफर नाकारल्यावर निदान क्रेडिट किंवा फायनान्सच्या पदांसाठी बसू देतील का? काही महाविद्यालयांत समितीला असा अपवाद करता येतो, मात्र अर्ज लेखी आणि कारणासह असावा लागतो.

सह्यकडा

ठेवींची बाजू, ठाण्यातील भाडे आणि एका वर्षाची अट हे सगळे एकत्र पाहता मी माझे आधीचे मत बदलते. अपवाद मंजूर झाला, तर ऑफर नम्रपणे नाकारा. तो मंजूर झाला नाही, तर मात्र हप्ता सुरू होईपर्यंतचा खर्च घरच्यांना झेपेल का, हे वडिलांशी बसून आकड्यांत बोला. झेपणार नसेल तर ही नोकरी घ्या, अटीचे एक वर्ष प्रामाणिकपणे पूर्ण करा आणि ताळेबंद यांनी सुचवलेली नोट रुजू होण्यापूर्वीच लिहून ठेवा, कारण शाखेतल्या तिमाही उद्दिष्टांच्या धावपळीत नंतर तेवढा वेळ मिळत नाही. नकार कळवायचा झाला तर बँकेच्या भरती अधिकाऱ्यांना दोन ओळींचे पत्र स्वतःच्या नावाने पाठवा, कारण त्याच बँकेच्या क्रेडिट विभागात तुम्ही पुढे अर्ज करण्याची शक्यता आहे.