प्रतिसाद: एफआयआर नसला तरी अर्ज करता येतो

वर विचारलंय की सासरी छळ होणाऱ्या बाईची पोलिसांत तक्रार नसेल आणि घर सासूच्या नावावर असेल, तर कोर्टात जाऊन उपयोग आहे का. आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, एफआयआर लागत नाही. ती सध्या माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) घटना अहवाल, म्हणजे छळाची लेखी नोंद, भरून देतात. वकील परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

घराबद्दल: सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' (जिथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो) ठरू शकतं, मात्र ती तिथे खरोखर नांदलेली असावी लागते.

बहुतेक अर्ज अडकतात ते अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाशी. कायद्यात ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणून कलम २३ चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी जोडा. 'नेहमी मारतो' एवढंच लिहू नका. तारीख, जागा, काय झालं, दवाखान्याचा कागद, सगळं द्या. पोटगी मागताना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. नवरा पगारदार असेल तर त्याच्या मालकाचं नाव-पत्ता जरूर लिहा, कारण पोटगी थकल्यास पगारातून थेट वळती करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

संरक्षण आदेश (छळ थांबवण्याचा कोर्टाचा आदेश) मोडला तर तो कलम ३१ खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आदेशाची प्रत मोफत मिळते, ती कायम जवळ ठेवायला सांगा.