शब्दचर्चा : ‘बघून घेईन’ ही धमकी, की नुसता दम?

प्रश्न (एक शिक्षिका) : आठवीतल्या दोन मुलांचं मधल्या सुट्टीत भांडण झालं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘शाळा सुटल्यावर गेटवर ये, बघूनच घेतो तुला.’ मी नोंदवहीत ‘धमकी दिली’ असं लिहिलं. मुलाच्या वडिलांना ते पटलं नाही. धमकी हा पोलिसांच्या कागदावरचा शब्द, पोरं एकमेकांना दम देतात, असं त्यांचं म्हणणं. या दोन शब्दांत खरंच फरक आहे का?

उत्तर : आहे, ताई. तंबी, ताकीद, समज हे वरून खाली येणारे शब्द. मुख्याध्यापक तंबी देतात, वर्गमित्र देत नाही. ‘दम’ मात्र कोणीही कोणालाही भरतो आणि त्यात आवाजाचा, आविर्भावाचा भाग मोठा. रागाच्या भरात दम दिला जातो आणि तास संपेपर्यंत विरतोही. धमकीत पुढे काहीतरी वाईट होणार, हे समोरच्याच्या मनात रुजवायचं असतं. बहुतेक वेळा त्यासोबत मागणीही असते : हे कर, ते करू नकोस, कोणाला सांगू नकोस.

म्हणून मी आधी वाक्यात ‘तर’ शोधतो. ‘परत या बेंचवर बसलास तर...’ एवढंच म्हणून कोणी थांबला, तरी ऐकणाऱ्याला उरलेलं वाक्य कळतं. उलट ‘मुडदा पाडीन तुझा’ हे कानाला किती भयंकर, पण क्रिकेटमध्ये झेल सोडणाऱ्याला दोस्तच असं म्हणतात आणि पुढच्या षटकात त्यालाच चेंडू देतात.

क्रियापदाच्या रूपाकडेही लक्ष द्या. ‘मारीन हं’ यातलं ‘-ईन’ बोलणाऱ्याचा आवेश सांगतं. ‘उद्या क्लासवरून येताना तुला मारणार आहोत’ यात वेळ आहे, जागा आहे आणि एकाचे अनेक झाले आहेत. शिवी एकही नाही, तरी मला हे दुसरं वाक्य जास्त गंभीर वाटतं. तुमच्या वर्गातल्या मुलाच्या वाक्यातही वेळ आणि जागा आहे, म्हणून ते सोडून देण्यासारखं नाही.

एक वकील : वडिलांनी पोलिसांचा विषय काढलाच आहे, म्हणून सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘फौजदारी धाकदपटशा’चं कलम ३५१ आहे. आधी दंडविधानात हाच गुन्हा ५०३ आणि ५०६ या कलमांत होता. शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी त्यात येते. ती इजा धमकी ऐकणाऱ्याच्या जवळच्या माणसाला करण्याची असली तरी चालते. म्हणजे ‘तुझ्या बहिणीला बघून घेईन’ हेही आलं आणि ‘फोटो सगळ्या ग्रुपवर टाकीन’ हेही. पण नुसते शब्द पुरत नाहीत. घाबरवण्याचा किंवा भीतीपोटी काही करायला लावण्याचा हेतू दिसावा लागतो. बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर लिहिलेल्या मजकुरावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच म्हटलं होतं.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा थोडा वेगळा आहे. त्याच्या व्याख्येत चिडवणं, शिवीगाळ आणि धमकावणं शेजारी शेजारी आहेत, आणि विद्यार्थ्याच्या मनात भीती किंवा लाज उत्पन्न होणं हेही त्यात धरलं आहे. वसतिगृहही त्यात येतं. तिथे ‘मी गंमत करत होतो’ या खुलाशाला फार वजन उरत नाही. अर्थात आठवीतला मुलगा अठरा वर्षांच्या आतला, त्यामुळे प्रकरण पुढे गेलंच तर ते बाल न्याय मंडळाकडे जाईल. एका वाक्यासाठी तिथवर नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

एक पालक : कोण कोणाला म्हणतंय, हे राहिलंच. माझा मुलगा वर्गात सगळ्यांत लहान चणीचा. त्याला चौघांनी घेरून ‘काय रे, येतोस ना बाहेर?’ एवढंच विचारलं. कागदावर यात दमसुद्धा नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून शाळेत जायला तयार नव्हता. ‘बघून घेईन’चा अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी ऐकणाऱ्या मुलाला विचारा.

शिक्षिका : दोघांशी वेगवेगळं बोलले. ज्याला म्हटलं होतं, तो त्या दिवशी मागच्या फाटकाने घरी गेला होता, हे मला आत्ता कळलं. नोंदीत आता ‘धमकी’ किंवा ‘दम’ असा शेरा न लिहिता त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. त्यापुढे वेळ, जागा, सोबत कोण होतं आणि दुसऱ्या मुलाने काय केलं, तेही. आणखी एक शंका. तोच मुलगा घाबरत म्हणाला होता, ‘मी बाईंना सांगेन.’ पहिल्या मुलाचं म्हणणं, हीसुद्धा धमकीच.

वकील : मुळीच नाही. संहितेत ‘इजा’ म्हणजे बेकायदेशीरपणे केलेली हानी. शिक्षकांकडे तक्रार करणं हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि ‘सांगेन’ हा फार तर इशारा. हे दोघांनाही, एकत्र बसवून, सांगा. नाहीतर घाबरलेला मुलगा पुढच्या वेळी तुमच्याकडे यायलाच कचरेल.