आफ्रिकेत स्वतःच गाडी चालवून सिंह-बिबट पाहाले जायचं आहे, कोणी गेलं आहे का?

कापूसकोंड्या_चिमूर
नमस्कार मंडळी. लहान भाऊ दोन वर्षांपासून जोहान्सबर्गले नोकरीले आहे, तो म्हणते एकदा या सगळे. मी, बायको, ५ वर्षांची पोरगी आन् बाबा असे चार जण जाऊ. बाबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, लालपरी चालवून चालवून खांदा अजून दुखते पण स्टेअरिंग दिसलं का हात शिवशिवतात, आन् भाऊ म्हणते तिथल्या क्रुगर नावाच्या मोठ्या जंगलामंदी आपली गाडी आपणच चालवत फिरता येते, जिप्सी नाही गाइड नाही. खरं आहे का हे? ताडोब्यात असं इचारलं तर गेटवरचे हसतील. बाबाचं एकच म्हणणं, "तिथं वाघ नाही, मंग जायचं कायले? वाघ तं ओलिताले गेलं का वावरात दिसते." मले सिंह, बिबट, चित्ता तिन्ही पाहाचे आहेत. पेरणी-डवरणी आटोपून ऑगस्टमंदी निघू, पोळ्याच्या आत घरी पाहिजे. गाइड नसताना जनावर सापडते कसं? पोरगी घेऊन धोका तं नाही ना?

रानवेडी_वणी
दादा बिनधास्त जा. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो, तेही ऑगस्टमध्येच. तिथला तो हिवाळ्याचा शेवट, पाऊस नसतो, गवत वाळून बसलेलं असतं आणि डबकी आटलेली, म्हणून जनावर नदीवर नाहीतर पाणवठ्यावर येतंच. गाडी आपल्यासारखी डावीकडून, स्टेअरिंग उजवीकडे, बाबांना काहीच नवीन नाही. मुख्य रस्ते डांबरी, साधी कार चालते, पण थोडी उंच गाडी घेतली तर गवतावरून नजर जाते. स्पीड डांबरीवर ५०, कच्च्या रस्त्यावर ४०, आणि खरं सांगू का ५० नेही काही दिसत नाही, आम्ही २०-२५ ने चालायचो.

जंगल केवढं तर जवळजवळ २०,००० चौरस किमी, आपला ताडोब्याचा कोअर सव्वासहाशे आहे. त्यामुळे "पूर्ण क्रुगर फिरू" असं डोक्यातही आणू नका. दक्षिणेकडचा भाग आणि मधला सातारा कॅम्प एवढंच धरा. हो, कॅम्पचं नाव खरंच सातारा आहे 😄 तिथं सांगतात की जमीन मोजायला आलेल्या कोण्या हिंदुस्थानी माणसानं १७ नंबरच्या तुकड्याला 'सत्रा' म्हटलं त्याचं झालं सातारा. त्या बाजूला मोकळं गवताळ रान, झेब्रे, विल्डबीस्ट (मोठी हरणं) चरतात म्हणून सिंह जास्त, एस१०० म्हणून कच्चा रस्ता आहे तो सकाळी गेट उघडल्या उघडल्या पकडायचा. बिबट पाहिजे तर स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी कॅम्प, नदीच्या काठाकाठानं, जेमतेम ४५ किमी आहे पण अर्धा दिवस द्या.

आम्हाला तिथंच दिसला. मोठं उंबरासारखं झाड होतं, त्याच्या आडव्या फांदीवरून गुराख्यानं ओला दुपट्टा वाळत टाकावा तसं काहीतरी लोंबत होतं. मी ह्यांना म्हटलं थांबा, ते म्हणे फांदीच आहे ती. मग त्या दुपट्ट्याचं टोक हललं! वर नीट पाहिलं तर बेचक्यात अख्खं इंपाला हरीण अडकवलेलं आणि बिबट्या पाय सोडून झोपलेला. मागून सात-आठ गाड्या आमच्याकडे बघत बघत पुढे निघून गेल्या, आम्ही पाऊण तास तिथंच.

गेटवरचा_गाइड
मी ताडोब्याच्या कोलारा गेटवर गाइड आहे, आफ्रिका काही पाह्यली नाही. पण ताईनं सांगितलं ते बरोबर हाय, जे गाडी बंद करून बसते त्याले दिसते. आपल्याकडं पाहुणा बसला का पाच मिनटात म्हणते चला पुढं, वाघ दाखवा. आन् तो वाघ बांबूत बसून आपल्यालेच पाहत असते. ताई तिकडं धोक्याचे कॉल कोणाचे चालतात? इथं चितळ, सांबर, वानर. सांबर बोंबललं म्हणजे आपण समजतो नक्की हाय.

रानवेडी_वणी
@गेटवरचा_गाइड भाऊ सगळं तेच आहे हो, फक्त जनावरं बदलली. इंपाला नाकातून जोरात फुर्रर करतो, बबून माकड भुंकतं, छोटी व्हर्व्हेट माकडं किचकिच लावतात. जिराफ तर बोलतच नाही पण मान न हलवता एकाच बाजूला टक लावून उभा असेल तर तो बघतो तिकडं बघायचं, आमच्या दोन सिंहिणी अशाच सापडल्या. गिधाडं झाडावर खाली खाली बसलेली दिसली तर खाली शिकार आहे समजा. चित्ता मात्र दिवसा शिकार करतो, मोकळ्यावरच्या वारुळांवर नजर ठेवा, चढून टेहळणी करतो. नाहीच दिसला तर आपलं मध्य प्रदेशातलं कुनो आहेच, २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ आणले होते.

दारव्ह्याचा_मास्तर
सगळे गोड गोड सांगून राहिले, मी आमची फजिती सांगतो. ऑगस्टमध्ये कॅम्पचं गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद म्हणजे बंद, अंधारात आपली गाडी रस्त्यावर चालतच नाही. आम्ही साडेपाचला कॅम्पपासून ९ किमीवर, मुलगा म्हणाला पोचतो आरामात, आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध हत्ती. सुळेवाला नर, डोळ्याच्या मागून गालावर ओला ओघळ, म्हणजे मस्तीत आलेला. आपल्या मनात भीती सिंहाची असते, पण गाडीतल्या माणसाला खरा धोका हत्तीचा आहे. सिंह गाडीला एकच मोठं जनावर समजतो, काच वर आणि हातपाय आत असले तर ढुंकूनही पाहत नाही. हत्तीनं कान पसरून मान झटकली आणि मुलानं गाडी रिव्हर्स घेतली ती घेतच राहिला, मी मागच्या काचेतून "डावीकडं, डावीकडं" ओरडतोय, आमची सौ. हनुमान चालिसा म्हणतेय. गेटवर २० मिनिटं उशिरा पोचलो, दंड भरला, वर त्या पहारेकऱ्याचं शांत आवाजात लेक्चर. चूक आमचीच होती. तेव्हा साडेचारला गाडीचं तोंड कॅम्पकडं करा. पंक्चर झालं तरी खाली उतरायचं नाही, फोन करायचा किंवा दुसऱ्या गाडीवाल्याला थांबवायचं.

पोरीबद्दल दोन गोष्टी. तिथं संध्याकाळी-रात्री पार्कचीच मोठी उघडी गाडी गाइडसकट नेते, ती नक्की करा कारण रात्रीचं जनावर तेव्हाच दिसतं, पण ६ वर्षांखालच्या मुलांना तीत घेत नाहीत, म्हणजे एकाला पोरीजवळ थांबावं लागेल. दुसरं, क्रुगर मलेरियाचा भाग आहे, हिवाळ्यात कमी असतो पण डॉक्टरला विचारून गोळ्यांचं ठरवा. ते नकोच वाटलं तर पिलानेसबर्ग पाहा, जोहान्सबर्गपासून तीनेक तास, विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यात आहे, मलेरिया नाही, तिथंही आपलीच गाडी. आणि विमान इथिओपिया नाहीतर केनियावरून असेल, तिथं १२ तासांच्या वर थांबणं असेल तर पीतज्वराच्या लसीचं कार्ड लागतं, लस १० दिवस आधी घ्या.

खाण्याचं टेन्शन नको, पिकनिकच्या जागी गॅसवरचा मोठा पसरट तवा भाड्यानं मिळतो, आम्ही त्याच्यावर कांदेपोहे केले, बाजूचा गोरा माणूस बशी घेऊन आला 😂 फक्त शेंगदाण्याची पुडी माकडानं नेली.

कापूसकोंड्या_चिमूर
मंडळी लय लय धन्यवाद. रात्रीच्या गाडीत बाबा आन् बायको जातील, मी पोरीजवळ थांबतो. आत्ता बाबाले सगळं वाचून दाखवलं. वाघ नाही हा मुद्दा अजून आहेच. हत्तीचं ऐकून म्हणे, घाटात रिव्हर्स घेतली आहे मी, ५२ सीट भरून. पण सातारा नाव ऐकलं आन् चष्मा लावून नकाशात बोट ठेवलं, "ओरपन गेटपासून ४८ किमी दिसते. मंग मुक्कामी गाडी साताऱ्यालेच लावू."